मोकळ्या जागा धरून

साडेचार हजार अक्षरं, मोकळ्या जागा धरून.
त्यापुढे एक टिंबही घेत नाही अर्ज.

ड्युलुथमध्ये सप्टेंबर संपत आलाय.
लेक सुपीरियरवरचं वारं खिडकीच्या फटीतून शिरतं,
म्हणून ओव्हनचं दार उघडं टाकून
मी स्वयंपाकघरातच ठाण मांडलंय.
बाकी सगळं भरून झालं:
अ‍ॅनाटॉमीत पहिल्यांदा सी,
बेकरीतली रात्रपाळी सोडल्यावर दुसऱ्यांदा ए मायनस;
निरीक्षणाचे एकशे बारा तास, रेनाटा बेलँजरच्या सहीनिशी;
शुल्क, म्हणजे माझे यंदाचे हिवाळी टायर.
शिफारशीची पत्रं तीन हवीत. दोन आली.
तिसरे प्राध्यापक "हो हो, आजच" म्हणतात
दर सोमवारी.

उरला एकच प्रश्न.
तुम्हाला हेच का करायचंय?

उत्तर सगळ्यांना पाठ आहे, मला सोडून.
आई म्हणते, अर्वोचं लिही.
अर्वोचंच लिहिलं.
शेडच्या छपरावरचा बर्फ, शिडी, त्याचं एकोणिसावं वर्ष,
आणि मग ठेवणीतलं वाक्य:
ज्या दिवशी माझा भाऊ पडला
त्या दिवशी मला माझी वाट सापडली.

वाचलं, तेव्हा कानशिलं तापली.
पडला तो. वाट माझी.

तेवढ्यात गॅरेजमधून त्याची चाकं आलीच,
हात ग्रीसचे, कुणाच्या तरी बोटीचं कार्ब्युरेटर मांडीवर.
कॉफी ओतता ओतता पडद्याकडे बघून घेतलं.
"माझ्या मणक्याचे किती मार्क देतात गं?"
आणि हसला.
मी हसले नाही. मग हसले.
मग खोडायची कळ दाबून धरली:
वाट गेली, वर्ष गेलं, शिडी गेली,
छपरावर नुसता बर्फ उरला,
तोही गेला.

बराच वेळ ओव्हनची धग तेवढी.

मग मिस्टर टायगेन आठवले.
लोहखनिजाच्या जहाजांवर चाळीस वर्षं काढलेला माणूस,
नवा खुबा, वॉकरच्या पायांना टेनिसचे चेंडू,
आणि त्या चेंडूंवर असा राग,
जसा काही त्यांनीच खुबा मोडला.
खिडकीपर्यंत अकरा पावलं.
चौथ्यावर थांबायचे. सातव्यावर थांबायचे.
पुलाखालून जहाज जात असलं की जरा जास्तच.
मी वहीत पावलं मांडत होते.
रेनाटा म्हणाली, थांबले तेही मांड.
ते काय चालण्याबाहेरचं आहे?

आणि तिचा हात.
त्यांच्या कमरेच्या पट्ट्यात मागून अडकवलेली चार बोटं.
धरलंय म्हणावं तर पट्टा सैल,
सोडलंय म्हणावं, तर त्या मंगळवारी
गुडघ्याने दगा दिला
आणि म्हातारा इंचभरही खाली गेला नाही.
त्याला कळलंसुद्धा नाही.
चेंडूंना शिवी हासडून त्याने आठवं पाऊल टाकलं.

एवढंच लिहिलं, नाव न घेता.
खाली दोन ओळी:
मला तो हात हवाय.
मला तो अजून येत नाही.

मोजून बघितलं. दोन हजार सातशे दहा.
पुढे भर घालावी असं बोटांना फार वाटलं.
त्यांना मांडीखाली दाबून बसले.

अर्वो कप धुवायला परत आला.
"मला काढलंस?"
"काढलं."
"बरं केलंस."
दारापर्यंत गेला, चाक उंबऱ्याला टेकलं,
मागे न बघता म्हणाला,
"तिसऱ्या ओळीत एक अक्षर जास्त पडलंय."

पडलं होतं.

बटण अजून हिरवं झालेलं नाही.
आज शुक्रवार.